मरणापलीकडची प्रीती

सदूकी पंथाच्या काही मंडळींनी प्रभू येशूला एकदा एक कोडे घातले होते. मोशेच्या नियमाप्रमाणे एका स्त्रीचा विवाह एकामागून एक अशा सात भावांशी झाला. सातही भाऊ निःसंतान वारले आणि शेवटी तीही वारली. तर मग पुनरुत्थानाच्या दिवशी ती कोणाची पत्नी ठरणार? संत मत्तय, संत मार्क व संत लूक ह्या तिघांनीही हा प्रसंग नोंदविला आहे. विचारणाऱ्यांचा पुनरुत्थानावर मुळात विश्वासच नव्हता. त्यांना केवळ उपहास करावयाचा होता. तथापि थट्टेने विचारलेला हा प्रश्न आमच्या धर्मग्रामांतील विधवा व विधुर डोळ्यांत पाणी आणून विचारीत असतात. गेलेला जोडीदार पलीकडे आपल्याला ओळखील काय, आपण त्याचेच असू काय, अशी त्यांची पृच्छा असते.

धर्मशिक्षणाच्या पुस्तकात ह्याचे उत्तर आहे आणि त्याकडे आम्ही येणारच आहोत. परंतु ह्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. गेलेल्या माणसावरील प्रेम खरे कोणते, आणि ते खरे असल्याची खूण कोणती? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा शोध नाटककारांनी फार मनापासून घेतला आहे. मेलेल्या माणसाला पुन्हा आपल्यासमोर उभे करण्याची मुभा रंगभूमीवर असते. त्यामुळे प्रेम मरणाशी कसे झुंजते हे तेथे डोळ्यांनी पाहता येते. म्हणून प्रथम आपल्या विदर्भाच्या एका नाटककाराकडे आणि मग त्याच वाटेने दूरच्या चीन देशाकडे जाऊ.

आमचा वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यापासून वेगळा झाला, म्हणून तो कागदोपत्री नवा. गाव मात्र फार जुने. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसा’ ह्या ग्रंथात काव्यपुरुष व साहित्यविद्या ह्यांचा विवाह ह्याच वत्सगुल्मात लावून दिला आहे. काव्याला मानवी रूप देऊन त्याचे लग्न लावावयाचे, तर त्यासाठी त्याला विदर्भातले आमचे गाव सुचले, ही अभिमानाची गोष्ट होय. ह्याच विदर्भातील पद्मपूरचा भवभूती हा आठव्या शतकातला नाटककार. त्याचे ‘उत्तररामचरित’ हे सात अंकी नाटक करुणरसाचा कळस मानले जाते.

त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. लोकापवादाला भिऊन रामाने गरोदर सीतेचा त्याग केला. बारा वर्षे लोटली. ती अरण्यात मरण पावली असे सर्वांनी धरून चालले. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत येतो. गंगेच्या कृपेने सीता तेथेच आहे. परंतु ती कोणाला दिसत नाही. जुन्या खुणा पाहून राम मूर्च्छित पडतो आणि तिच्या अदृश्य हाताच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो. ती गेली असे तो मानतो. तिचा स्पर्श मात्र त्याला ओळखू येतो. अश्वमेधासाठी त्याने दुसरी पत्नी केलेली नाही, सहधर्मचारिणी म्हणून सीतेची सोन्याची प्रतिमा केली आहे, हेही सीता स्वतःच्या कानांनी ऐकते आणि तिच्या मनातील शल्य पुष्कळसे निघून जाते.

पुढे सातव्या अंकात भवभूती दोघांची भेट घडवून आणतो. वाल्मीकीच्या कथेत सीता भूमीच्या पोटात जाते. विदर्भाच्या ह्या कवीला ते सोसवले नाही. पण ह्या नाटकातील खरी अवघड गोष्ट ती भेट नव्हे. वासंती नावाची वनदेवता, सीतेची मैत्रीण, रामाला तोंडावर जाब विचारते. जी जिवंत होती तेव्हा तिचे काय केलेस, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. रामाच्या शोकाचा अर्धा भाग विरहाचा आहे आणि अर्धा अपराधाचा. सोन्याची प्रतिमा घडविणारा हात आणि जिवंत पत्नीला वनात धाडणारा हात एकच होता, हे भवभूती आपल्याला विसरू देत नाही.

आता चीनकडे वळू. १५९८ साली थांग श्येनत्सू ह्या नाटककाराने ‘मुदान थिंग’ हे ५५ प्रवेशांचे नाटक लिहिले. मुदान हे चिनी लोकांनी फुलांचा राजा मानलेले भरघोस पाकळ्यांचे फूल. नाटकाच्या नावाचा अर्थ मुदान फुलांचा मंडप. सिरिल बर्च ह्यांनी १९८० साली त्याचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. तू लीन्यांग ही एका अधिकाऱ्याची सोळा वर्षांची मुलगी. बापाचा कडक शिस्तीवर विश्वास, घरात म्हातारा पंतोजी, आणि मागची बागसुद्धा तिने कधी पाहिलेली नाही. एके दिवशी ती बागेत जाते, तिला झोप लागते आणि स्वप्नात एक तरुण भेटतो. जागी झाल्यावर ती त्याला शोधते. तो कोठेच नसतो. ती झुरणीला लागते, स्वतःचे एक चित्र काढून ठेवते आणि मरण पावते. तिच्या इच्छेप्रमाणे तिला बागेतील एका झाडाखाली पुरतात. बापाची बदली होते. जाताना तो मुलीच्या स्मरणार्थ तेथे एक मंदिर उभारतो.

तीन वर्षांनी ल्यू मंगमेई हा तरुण त्या मंदिरात आजारपणात आसऱ्याला येतो. त्याला ते चित्र सापडते. स्वप्नातला तरुण तो हाच. इकडे परलोकातील न्यायाधीश लीन्यांगचा खटला चालवितो. स्वप्नापायी कोणी मेल्याचे त्याला पटत नाही. शेवटी विवाहांच्या नोंदवहीत तिचे नाव सापडते आणि तो तिच्या आत्म्याला मोकळे करतो. ती ल्यूला भेटू लागते आणि आपली कबर उकरण्यास सांगते. कबर उकरणाऱ्याला त्या राज्यात देहदंड होता. तरीही तो तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि ती जिवंत होते. मग ती त्याला बजावते की आत्मा असताना जे चालले ते मनुष्य झाल्यावर चालणार नाही. आता रीतसर विवाह हवा. जिवंत होणे म्हणजे पुन्हा मर्यादेत येणे, हे ह्या नाटककाराला ठाऊक आहे.

प्रेमापायी माणूस मरतो आणि प्रेमानेच मेलेला उठतो, असा ह्या नाटकाचा डिंडिम आहे व त्यासाठीच ते जगप्रसिद्ध झाले. आम्हांस मात्र त्यातील बापाचे चित्र अधिक विचार करावयास लावते. ज्या बापाने मृत मुलीसाठी मंदिर उभारले, त्याच्यासमोर ती मुलगी सदेह उभी राहते तेव्हा तो तिला पिशाच्च म्हणून नाकारतो. जावयाला तो कबरफोड्या ठरवून मार देववितो. अखेर सम्राटाच्या दरबारात, आरशात तिचे प्रतिबिंब पडते काय, जमिनीवर सावली पडते काय, अशी परीक्षा घेऊन ती मनुष्य असल्याचे सिद्ध करावे लागते. मंदिर उभारणे सोपे होते. मुलीला मिठी मारणे कठीण होते. भवभूतीची सोन्याची प्रतिमा आणि थांगचे हे मंदिर, दोहोंमध्ये शतकांचे अंतर आहे. पण दोन्हींनी एकाच जागी बोट ठेवले आहे.

त्या जागेवर आणखी एका चिनी नाटककाराने बोट ठेवले. १६८८ साली हुंग शंग ह्याने ‘छांगशंग त्येन’ म्हणजे ‘चिरंतन जीवनाचा महाल’ हे नाटक पूर्ण केले. त्याचा आधार इतिहासात आहे. ७५६ साली राजधानीतून पळ काढीत असता मावेई येथे सैन्याने हट्ट धरला, आणि थांग वंशाच्या श्वेनत्सुंग सम्राटाने आपली लाडकी राणी यांग क्वेईफेई हिचा बळी दिला. एकाने लोकांच्या बोलण्यापुढे पत्नी सोडली, दुसऱ्याने सैनिकांच्या भाल्यांपुढे. हुंग शंगच्या नाटकात शेवटी चंद्रलोकी दोघांची भेट होते. परंतु केवळ विरहाच्या बळावर होत नाही. दोघांनाही आपापल्या दोषांचा पश्चात्ताप करावा लागतो, तेव्हाच ते दार उघडते. शुद्धिस्थानाची शिकवण ज्यांनी लहानपणी पाठ केली आहे अशा कॅथोलिक वाचकाला हा विचार परका वाटू नये. प्रेम मरणापलीकडे जाते. पण आपण जसे आहोत तसेच ते जात नाही, त्याला स्वच्छ होऊन जावे लागते.

येथवर नाटके झाली. नाटकांबाहेरच्या जगात मरणापलीकडच्या प्रेमाची किंमत कोणी चुकविली, हेही पाहिले पाहिजे. चीनमध्ये मिंग व छिंग राजवटींत नवऱ्यामागे आजन्म विधवा राहणाऱ्या स्त्रियांच्या सन्मानार्थ शासन कमानी उभारीत असे. काही स्त्रिया पतीमागे जीव देत आणि त्यांचीही स्तुती होई. १७२८ साली योंगचंग सम्राटाने ह्या आत्मनाशाला आळा घालू पाहिला. विधवेने जीव देण्यापेक्षा जगून म्हाताऱ्या सासूसासऱ्यांना व लेकरांना सांभाळणे अधिक कठीण आणि अधिक मोलाचे, असे त्याच्या आज्ञेचे तात्पर्य होते.

आपल्याकडे १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे थोरले माधवराव पेशवे क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाई ह्यांच्या ‘स्वामी’ ह्या १९६२ च्या कादंबरीमुळे हे जोडपे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. त्या दोघांच्या प्रेमाविषयी आम्ही शंका घेत नाही. पण ज्या समाजात पतीवरील प्रेमाचा सर्वोच्च पुरावा म्हणून चितेकडे बोट दाखविले जाते, त्या समाजाला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. १८२९ साली बंगालमध्ये सतीबंदीचा कायदा झाला. तरीही १९८७ साली राजस्थानातील देवराला गावी एक तरुण विधवा चितेवर जळाली आणि सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरविणारा कायदा देशाला करावा लागला. पत्नीमागे चितेवर चढलेल्या पतीची समाधी आम्हांस कोठे आढळत नाही. मरणापलीकडच्या प्रेमाचे ऋण फेडण्याचे काम सर्वत्र स्त्रीकडेच आले, ही साधी गोष्ट नव्हे.

ह्याच ‘मुदान थिंग’च्या इतिहासात मात्र एक निराळी हकिकत आहे. हांगचौच्या वू रेन नावाच्या विद्वानाची वाग्दत्त वधू छन थुंग लग्नाच्या तोंडावर वारली. तिला ह्या नाटकाचे वेड होते आणि आपल्या प्रतीच्या समासांत तिने बारीक अक्षरांत टिपणे लिहिली होती. तिचे वाचन जिवावर बेतले असे समजून तिच्या आईने पुस्तके जाळली. दाईने लपविलेला एक भाग तेवढा वाचला व तो वू रेनच्या हाती आला. पुढे त्याने थान त्स हिच्याशी विवाह केला. तिने ती टिपणे वाचली आणि उरलेल्या भागावर त्याच धाटणीने आपली टिपणे लिहिली. तीही थोड्याच वर्षांत वारली. मग तिसरी, छ्येन यी, घरात आली. तिने दोघींचे लिखाण वाचले, त्यात आपली भर घातली आणि ते छापून निघावे म्हणून अंगावरचे दागिने विकले. १६९४ साली तिन्ही स्त्रियांच्या भाष्यासह ते पुस्तक प्रसिद्ध झाले.

सदूक्यांचा प्रश्न येथे उलटा करून विचारता येईल. एक पुरुष आणि तीन स्त्रिया. पुनरुत्थानाच्या दिवशी तो कोणाचा? छ्येन यीला हा प्रश्न पडला असेल किंवा नसेल, परंतु तिची कृती बोलकी आहे. आपल्या आधीच्या मृत स्त्रियांचा तिने मत्सर केला नाही. त्यांचे नाव पुसून टाकण्याऐवजी तिने ते छापवून घेतले. दुसऱ्या लग्नाची नववधू घरात आली की पहिलीचे छायाचित्र भिंतीवरून उतरविले जाते, हे आम्ही धर्मगुरू म्हणून वारंवार पाहतो. त्या घरांना ही गोष्ट सांगावी असे वाटते.

आता प्रभूच्या उत्तराकडे येऊ. पुनरुत्थानात लग्न करणे आणि करून देणे नाही, असे तो सदूक्यांना सांगतो. आणि लगेच परमेश्वर हा जिवंतांचा देव असल्याचे स्मरण करून देतो. पहिले विधान ऐकून पुष्कळ विधवा खिन्न होतात. प्रेम तेथे पुसले जाईल असे त्यांना वाटते. पण प्रभूने प्रेम पुसलेले नाही; त्याने ‘कोणाची’ हा शब्द पुसला आहे. त्या स्त्रीला सदूकी एखाद्या शेताप्रमाणे सात वारसांत वाटू पाहत होते. प्रभूच्या राज्यात कोणी कोणाच्या मालकीचे नाही. जे खरोखर प्रेम होते ते देवापाशी जिवंत राहते. जी मालकी होती ती कबरीशी संपते. म्हणूनच ख्रिस्तसभा विवाहाचे बंधन मरणापर्यंतचे मानते, आणि संत पौल विधवेला प्रभूमध्ये पुनर्विवाहाची मोकळीक देतो. पुनर्विवाह करणारी स्त्री मृताशी बेइमान होत नाही, आणि न करणारी त्याची बंदिवान राहत नाही.

थांग श्येनत्सू १६१६ साली वारला. त्याच साली गोव्यात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. म्हणजे चीनमध्ये कबरीतून उठलेल्या लीन्यांगची कथा रसिकांत पसरत होती, त्याच काळात प्रभूच्या पुनरुत्थानाची कथा प्रथमच मराठी ओवीत आपल्या पूर्वजांच्या हाती पडत होती. दोन्ही कथांत एक बाग आहे, एक कबर आहे आणि प्रेमाने व्याकूळ झालेले एक माणूस आहे. परंतु संत योहानाच्या शुभवर्तमानातील बागेत काय घडते ते नीट पाहावे. मरिया माग्दालेना रडत कबरीपाशी उभी आहे. प्रभूला ती माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो आणि ती त्याला ओळखते. येथवर ती भवभूतीच्या अंकात शोभावी. मग प्रभू तिला दोन गोष्टी सांगतो. मला धरून ठेवू नकोस, ही पहिली. माझ्या बांधवांकडे जाऊन निरोप दे, ही दुसरी. जिवंत होऊन आलेला प्रियजनसुद्धा तिला कबरीपाशी थांबवीत नाही. तो तिला माणसांत परत पाठवितो.

आमच्या मते खुणेची जागा हीच आहे. मृतावरील प्रेमाची परीक्षा कबरीपाशी होत नाही. ती जिवंत माणसांपाशी होते. जे प्रेम मागे राहिलेल्यांना जाळते, कोंडते किंवा विसरते, ते कितीही अश्रू ढाळो, त्यात मालकी किंवा अपराधाची बोच अधिक असते. जे प्रेम आपल्याला जिवंतांकडे अधिक हळुवारपणे परत पाठविते, ते प्रेम मरणापलीकडे पोहोचलेले आहे असे समजावे.

हा विचार वाशीमच्या मातीत उतरवून पाहिला पाहिजे. २००६ साली केंद्र शासनाने विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली; त्या सहांत वाशीम होता. आजही एखाद्या घरचा कर्ता कापूस-सोयाबीनचा हिशेब जुळेना म्हणून विषाची बाटली जवळ करतो. शासनदरबारी ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचे असते, सातबाऱ्यावर विधवेचे नाव चढायचे असते, सावकार दारात असतो आणि दोन लेकरांच्या शाळा असतात. ती बाई सकाळी उठून निंदणाला जाते. तिच्या ह्या उठण्याला कोणी नाटक लिहिले नाही व कोणी कमान उभारली नाही. मरणापलीकडची प्रीती पाहावयाची असेल तर ती आम्हांस तेथे दिसते.

अशा मृतांविषयी ख्रिस्तसभेची शिस्त एके काळी कडक होती. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या नव्या संहितेत ही मनाई उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने मनाचा तीव्र क्लेश व भय ह्यांनी अशा माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केले, आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे शिकविले. जीव देणे हे पाप आहे ही शिकवण बदललेली नाही. पण त्या माणसाच्या अखेरच्या क्षणी परमेश्वर त्याच्याशी काय बोलला हे आपल्याला ठाऊक नाही, एवढी नम्रता आपण शिकलो. तेव्हा कोणी अजूनही त्या कबरीकडे बोट दाखवीत असेल, तर तो मृताला काहीच करू शकत नाही. त्याच्या लेकरांना मात्र दुखवितो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा विधवाप्रथा बंद केल्या, आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तोच मार्ग सुचविला. आमच्या ख्रिस्ती घरांत काय चालते? लेकीच्या हळदीला तिची विधवा आई मागे उभी राहते आणि पहिला हात दुसरीच कोणी लावते, हे आमच्याही मंडपांत घडते. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या घरात वैधव्य अशुभ कसे असू शकेल, ह्याचे उत्तर आपण प्रत्येकाने आपल्या घरापुरते द्यावे.

म्हणून मृतांसाठी मिस्सा जरूर अर्पण करावी. त्यांच्या आत्म्यांना तिचा उपयोग आहे अशी आपली श्रद्धा आहे. पण त्याबरोबर मृताने कोणाचे देणे ठेवले असेल तर ते फेडावे, त्याच्या पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावून द्यावे, लेकीच्या डोक्यावर पहिला हात तिच्या विधवा आईचाच पडू द्यावा. संगमरवरी क्रूस पुढच्या वर्षी बसविला तरी चालेल. आणि ज्यांच्यासाठी उद्या आपण सोन्याची प्रतिमा घडवू, ते आज आपल्याच घरात, आपल्याच ताटाशी बसलेले आहेत. त्यांच्याशी आज चार गोड शब्द बोलावेत.